माशांचा निवाडा

पोशेऱ्याजवळच्या मावशीच्या पाड्यावर त्या रविवारी एवढी गर्दी होती, की ड्रायव्हर उमेशची जीप ओहोळापाशीच थांबली. मी उतरून चालत गेले. मधोमध टेबलावर काचेची टाकी, निळा दिवा, बुडबुडे आणि चार नारिंगी मासे. मागे भगवं कापड. पुढे ठाण्याहून आलेला जलबाबा.

"बारा तीर्थांचं पानी! मासे माझे पंच! पानी कभी झूठ नहीं बोलता!"

मासे नुसते तोंड उघडत-मिटत होते. असे पंच बाबाला बरेच मानवतात.

पाड्यातल्या लहान्याच्या मुलाला आठ दिवस ताप होता. बाबा म्हणाला होता, पाड्यात भुताळी, म्हणजे करणी करून पोरं खाणारी बाई आहे, मासे दाखवतील. रीत अशी : बाबा आधी टाकीतून तांब्याभर तीर्थ काढून घरधन्याच्या बाटलीत भरणार, मग त्यानं आपल्या घरचं तांब्याभर पाणी टाकीत ओतायचं. दिवा निळा राहिला तर घर स्वच्छ. लाल झाला तर त्या घरानं दिवस मावळायच्या आत पाडा सोडायचा.

दहा घरं झाली. दहाही निळी. मग माझी मावशी सुकरी पुढे आली. मुलाला दवाखान्यात न्या, असं पाड्यात तिनं एकटीनंच म्हटलं होतं. म्हणून तिच्यावर बाबाचा डोळा.

"जिच्यावर शक, तिला तीर्थ नाय," बाबा म्हणाला. "सीधा ओत."

तिनं ओतलं. दिवा लाल झाला, बुडबुडे थांबले, पिपाणीसारखा आवाज सुरू झाला. बायका पोरं घेऊन मागे सरल्या. लहान्यानं काठी उचलली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाबा घाईघाईनं "शुद्धी, शुद्धी" म्हणत एक तांब्या पाणी बाहेर काढत होता. दिवा लगेच निळा! जव्हारला माझ्या घरीही माशांची टाकी आहे. पाणी कमी झालं की पंप बंद करणारा तरंगता स्विच मी स्वतः जोडलाय. म्हटलं, ही युक्ती ओळखीची आहे!

"लहान्यादादा, काठी ठेव," मी म्हणाले. "आता तू ओत. पण तीर्थ न घेता."

"नियम नाय!" बाबा ओरडला.

"का रं नाय?" मावशी कडाडली. "पानी खोटा बोलत नाय ना? मंग तुला भेव कसला?"

लहान्या गोंधळला, पण त्यानं तांब्या उपडा केला. लाल. पुन्हा तोच आवाज.

लहान्या टाकीकडे बघतच राहिला. "मी... भुताळा हाय? माझाच पोर मी खातू?"

"नाही रे दादा!"

मी भगवं कापड ओढलं. मागे बॅटरी, काळा डबा, वायरी. टाकीच्या कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या झाडाआड, बोटाएवढा पांढरा तरंगा. मी एक तांब्या पाणी काढलं, दिवा निळा झाला. मग बोटानं तरंगा वर उचलला. लाल. सोडला. निळा.

"पाणी अर्धं बोट चढलं की हा वर जातो आणि डब्याला कळवतो. तीर्थ काढलं की तेवढंच पाणी कमी, म्हणून तुम्ही सगळे स्वच्छ. मावशीला तीर्थ दिलं नाही, म्हणून ती भुताळी. निकाल दिव्यानं नाही लावला, ह्या बाबानं लावला!"

मग सगळ्यांनी तरंगा उचलून-सोडून पाहिला. लाल, निळा, लाल, निळा. पंचांची फारच तारांबळ उडाली. बाबा गुपचूप पिशवी उचलून निघाला, तर पाड्यातले पुंजाकाका वाटेत उभे. "बस इथंच. फोन केलाय, पोलीस येतील तवर."

लहान्या मावशीच्या पायाशी बसला. "मावशे, चुकलो गं."

"पाय नको धरू," मावशी म्हणाली. "मना पाडा सोडायला लावनार व्हतास. मी कुठंच जायची नाय. माझी नाचनी हितं हाय, माझा घर हितं हाय. आता उठ. पोर जीपीत घाल."

उमेशनं जीप दवाखान्याकडे वळवली. मूल मावशीच्याच मांडीवर होतं. लहान्या दारात लटकला होता, काठी मागे पाड्यावरच पडलेली.

वाचणाऱ्यांनो, ताप भुताळी आणत नाही, आणि दिवा आपोआप रंग बदलत नाही. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी कापड ओढून बघा. आणि गर्दी एका बाईकडे बोट दाखवत असेल, तर बघायला थांबू नका, तिच्या बाजूला जाऊन उभे राहा.