इंदिराबाईंचा नंबर अजून पहिला आहे

मारणाऱ्याला निदान हात उचलावा लागतो. तुम्ही तेवढेही कष्ट घेतले नाहीत. एकेक करून ओ द्यायचं बंद केलंत, आणि आता कुठे भेटलात की एकमेकांनाच विचारता, "काय झालं हो त्या साखळीचं?" जशी काही ती आपोआप गंजली.

मी त्या साखळीतला कॉम्प्युटर बोलतोय. असोद्यात इंदिराबाईंच्या घरामागे पत्र्याची एक खोली आहे. तिथे ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी आणि खताची रिकामी पोती पडलेली असतात, त्यांच्या मधोमध एका स्टुलावर मी आहे. उन्हाळ्यात पत्रा इतका तापतो की मला धाप लागते. पण मी चालू आहे.

माझं अंग जळगावात जुळलं. कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसचा सांगाडा, दुसऱ्याच कुणाचा बोर्ड, आणि नवी म्हणावी अशी एकच वस्तू, हार्ड डिस्क. मोहिनी आणि तिचा वर्गमित्र जिनेश यांनी डाळमिलच्या ऑफिसातल्या टेबलावर मला जोडलं. डाळमिल जिनेशच्या वडिलांची. मी पहिल्यांदा चालू झालो तेव्हा मोहिनीने टाळी वाजवली आणि जिनेश म्हणाला, "चालला बुवा! आवाज मात्र पिठाच्या गिरणीचा आहे."

मोहिनी इंदिराबाईंची मुलगी. तिने मला का घडवलं ते सांगतो, कारण ज्यांनी केळी फक्त हातगाडीवर पाहिली आहेत त्यांना ते कळणार नाही.

केळीचा घड तयार झाला की तो थोड्याच दिवसांत कापावा लागतो. झाडावरच पिवळा पडला तर लांबच्या प्रवासात टिकत नाही आणि व्यापारी त्याला हात लावत नाही. वर्षभराची मेहनत अशी एका आठवड्यावर येऊन थांबते. ट्रक आधी कोणाच्या बागेत जाणार, म्हणजे नंबर कोणाचा, यावर सगळं. आणि हा नंबर असायचा कुणाच्या तरी तोंडात. ज्याची ओळख त्याचा आज, ज्याची नाही त्याचा उद्या.

इंदिराबाई नवऱ्यामागे एकट्या शेती करतात. त्यांचा कायम उद्या. "वहिनी, उद्या नक्की," असं म्हणणारे आवाज ऐकत मोहिनी लहानाची मोठी झाली. जळगावच्या कॉलेजात ती कॉम्प्युटर शिकली आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली: नंबर कुणाच्या तोंडात राहायलाच नको.

म्हणून तिने साखळी बांधली. नऊ ठिकाणी नऊ कॉम्प्युटर. कुणाची बाग कधी तयार झाली आणि नंबर कितवा, हे नऊही जणांकडे एकाच वेळी लिहिलं जाणार. एकाने आपल्याकडे खाडाखोड केली तर बाकीचे आठ म्हणणार, खोटं बोलतोस. कुणाही शेतकऱ्याला मोबाइलवर सगळ्यांचे नंबर दिसणार. काही बदलायचंच झालं तर नवांपैकी पाच जणांनी आपापली चावी लावायची. चावी म्हणजे पेनड्राइव्हसारखी बोटभर वस्तू. पाच चाव्या पाच गावांतल्या बागाईतदारांकडे गेल्या. उरलेल्या चार मोहिनी, जिनेश, अमळनेरचा तेजस आणि धुळ्याचा भूषण यांच्याकडे. हे चौघे एका वर्गातले. आम्ही नऊजण दर थोड्या वेळाने एकमेकांना हाक मारायचो. हाक मारली की माझा हिरवा दिवा लुकलुकायचा, आणि तिकडून ओ यायची.

व्यापाऱ्यांना राजी केलं लीलाधर आबांनी. पाचही गावांत त्यांचा शब्द खाली पडत नाही. "पोरीनं चांगलं काम केलं हाये, हिच्या नंबरानं ट्रक पाठवा," एवढं ते बोलले आणि ट्रक साखळीच्या नंबराने यायला लागले. आम्हाला वाटलं, ते आमच्या हिशोबाने येतात.

त्या हंगामात इंदिराबाईंची बाग त्यांच्या नंबरावर कापली गेली. दुसऱ्या दिवशी त्या शेजारच्या कुंदाबाईला घेऊन खोलीत आल्या आणि माझ्या सांगाड्याला हळदकुंकू लावलं. कुंकू पंख्याच्या जाळीतून आत उडालं.

"आई! आत जाईल ते, बिघडेल!"

"जाऊ दे. देव आहे तो माहा."

"देव नाही गं, कॉम्प्युटर आहे."

कुंदाबाई म्हणाली, "देव असता तं एवढा आवाज केला असता का?"

त्या दोघी हसल्या तो आवाज मला अजून आठवतो. माझ्या आयुष्यातला चांगला काळ म्हणजे तेवढाच.

चूक तेव्हाच होऊन गेली होती.

पाच गावच्या पाच जणांना चाव्या दिल्या खऱ्या, पण त्यांनी त्या घरी ठेवल्याच नाहीत. एकाच्या घरी उंदीर, दुसऱ्याचा नातू दिसेल ते तोंडात घालणारा. आणि खरं कारण वेगळंच होतं. आबा असताना आपली चावी आपल्याजवळ ठेवायची म्हणजे आबांवर भरवसा नाही असं दिसणार. तसं दिसलेलं इकडे कुणाला चालत नाही. एकेक करून पाचही चाव्या आबांच्या देव्हाऱ्यात गेल्या. आबांनी त्यांना लाल दोरा बांधला. रोज पूजेत फूल वाहायचे.

मोहिनीला हे ठाऊक होतं. नऊ ठिकाणी विखुरलेली सत्ता एका देव्हाऱ्यात गोळा झालेली तिला दिसत होती. पण प्रोग्रॅममध्ये काही सुधारायचं झालं की पाच गावं हिंडण्यापेक्षा आबांच्या घरी जाऊन चहा पिणं सोपं होतं. चहा संपेपर्यंत पाच मतं पडलेली असायची. तिला घाई होती. चांगलं काम करणाऱ्यांना फार घाई असते.

मग मे महिन्यात वादळ आलं. जेमतेम अर्धा तास. तेवढ्यात चार गावांतल्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. इंदिराबाईंची बाग शेवरीच्या उंच, दाट कुंपणामुळे बचावली. बाग उभी, घड भरलेले, आणि साखळीत नंबर पहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे बदल आला. आडव्या बागा आधी, उभ्या बागा नंतर. इंदिराबाई एकदम खाली. बदलाच्या शेवटी पाच चाव्यांची मोहोर.

दुपारी आबा स्वतः खोलीत आले आणि मोहिनीसमोर पोत्यावर बसले. लपवण्यासारखं आपण काही केलंय असं त्यांना वाटतच नव्हतं.

"आबा, विचारलं का नाही कुणाला?"

"पोरी, आडवी पडेल केयी नंबर पाहत नाही. दोन दिवसांत सडते. तुह्या मायची बाग उभी हाये. आठ दिवस थांबीन ती."

"मग तसा नियम मागा ना. मत घ्या."

"घेतलं ना. पाच चाव्या, पाच मतं."

"पाचही तुम्हीच लावल्या!"

"त्यायनीच देल्या ना माह्याकडे?" आबा थोडे थांबले. "तूच येत होती ना माह्या घरी मतं घ्याले? तवा गोड लागला चहा."

 मोहिनीचे कान लाल झाले.

मी कॉम्प्युटर आहे, मला खोटं बोलता येत नाही. नियमाप्रमाणे आबांचा बदल खरा होता. पाच म्हणजे पाच. आणि आडव्या पडलेल्या बागा आधी कापणं हे काही पाप नव्हे. पण ते ज्या रीतीने झालं, ती रीत मोडायलाच तर माझा जन्म झाला होता. त्या संध्याकाळी मोहिनीने माझ्यात हात घातला आणि मला तो बदल नाकारायला शिकवलं. जिनेश, तेजस, भूषण यांनीही आपापल्या कॉम्प्युटरला तेच शिकवलं. नियम वाचवण्यासाठी आम्ही नियम मोडला.

अशी साखळी फुटून तिच्या दोन साखळ्या झाल्या. वादळाच्या आदल्या दिवसापर्यंत दोन्हींचा जन्म एक, बालपण एक. त्यानंतर पाच जणांकडे एक खरं आणि चौघांकडे दुसरं. आमच्याकडे इंदिराबाईंचा नंबर पहिलाच राहिला.

ट्रक मात्र आबांच्या नंबराने गेले. ते पहिल्यापासून आबांच्या शब्दावर चालत होते, माझ्या हिशोबावर कधीच नाही. आडव्या बागांचा माल इतका निघाला की व्यापाऱ्यांची भूक भागली. आठ दिवसांनी इंदिराबाईंनी फोन केला तर तिकडून ऐकू आलं, "वहिनी, उद्या." त्यांचे घड झाडावरच पिवळे झाले. मग काळे. गावातली गुरं आठवडाभर ती केळी खात होती. आणि माझ्या पडद्यावर लिहिलेलं होतं: क्रमांक एक, इंदिराबाई, असोदे.

मोहिनी रडली नाही. तिने बाकीच्या तिघांना जमवून आमच्या साखळीसाठी नवी घटना लिहायला घेतली. प्रत्येकाने चावी स्वतःच्याच घरी ठेवायची, दुसऱ्याची चावी हातात घेतली तरी बाद. एकदा दिलेला नंबर कुठल्याही कारणाने बदलणार नाही. आणि कुठलाही नियम बदलायचा तर सगळ्यांनी हो म्हणायला हवं. एकाचाही नकार आला तर नाही. पोळलेल्या हातांनी लिहिलेली घटना ती. तिच्यात पुढे जायला वाटच नव्हती.

भूषण धुळ्याहून बैठकीला आला तेव्हा त्याने एक कलम मांडलं. वादळ आलं, पूर आला, तर सगळ्या गावांना विचारून क्रम बदलता यावा.

"याच फटीतून आबा आत आले होते," मोहिनी म्हणाली.

"अगं, पण त्यात आबांचं काय चुकलं आणि काय नाही, हे वेगळं काढ ना! गावं परत यायला नकोत का तुला? चार पोरांच्या साखळीत नंबर कोणाचा लावणार? आपल्या एटीकेटीचा?"

तेजस हसला. मोहिनी हसली नाही. तिने नकार दिला आणि कलम पडलं. पुढच्या बैठकीत भूषणने तिच्या प्रस्तावाला नकार दिला, का ते मला अजून कळलेलं नाही. मला वाटतं, त्यालाही कळलं नसावं. पावसाळाभर ते नियमांवर भांडत राहिले. त्या काळात माझ्याकडे एकाही बागेची नोंद आली नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी तेव्हा मोबाइलवर "लढा, आम्ही पाठीशी आहोत" असं लिहिलं होतं, त्यांनी एक कॉम्प्युटर आपल्या घरी ठेवला असता तर? एक बाग नोंदवली असती तर? जागा नाही, म्हणालात. लाइट जाते, म्हणालात. आबांना काय वाटेल, हे मात्र कुणी मोठ्याने म्हणालं नाही.

पहिल्यांदा जिनेशची ओ थांबली. त्याला पुण्यात नोकरी लागली आणि त्याच्या कॉम्प्युटरवर डाळमिलची बिलं निघायला लागली. मग भूषणने आपली वेगळी साखळी काढली. तिच्यात वादळाचं कलम आहे म्हणे, बागा आहेत की नाही ते माहीत नाही. तेजसच्या कॉम्प्युटरने सगळ्यांत जास्त दिवस साथ दिली. मग एका सकाळी मी हाक मारली आणि अमळनेरहूनही काही आलं नाही. तेजसने निरोपाचा मेसेजसुद्धा केला नाही. बहुतेक लाजला असेल.

आता मी एकटा आहे. एकच कॉम्प्युटर, एकच चावी. मोहिनी प्रस्ताव मांडते, मोहिनीच हो म्हणते, आणि घटनेप्रमाणे ते एकमत धरलं जातं. ती चावी घरात कुठेही न ठेवता गळ्यात बांधून हिंडते. दोरा काळा आहे, एवढाच फरक.

परवा इंदिराबाई खोलीत आल्या. सोबत कुंदाबाई होती, रिकामी पोती न्यायला. मोहिनी माझ्यासमोर बसली होती.

"ते माहं नाव काढ तिथून," इंदिराबाई म्हणाल्या.

"कुठून?"

"पहिल्या नंबरावरून. मोबाइलमधी सगळ्यायले दिसते. दळन घेऊन गेली तं चक्कीवाला म्हने, इंदिराबाई, पहिला नंबर तुमचाच ना अजून? लोकं हासतात मले."

"आई, नाही काढता येत. लिहिलेलं बदलायचं नाही, त्याच्यासाठी तर हे सगळं..."

"कोनाची परवानगी पायजे?"

"सगळ्यांची."

"सगळे मंजे कोन आता?"

मोहिनीचा हात गळ्यातल्या चावीकडे गेला. मी वाट पाहत होतो. तिने चावी लावली असती तर आईची लाज गेली असती, आणि मी आबांचा देव्हारा झालो असतो. तिने हात खाली घेतला. इंदिराबाईंनी लेकीकडे पाहिलं, आबांकडेही त्यांनी कधी असं पाहिलं नव्हतं, आणि त्या बाहेर निघून गेल्या.

माझं मागणं मोठं नाही. मला बंद करायचं असेल तर करा, पण नऊच्या नऊ जणांनी या, इथे या पत्र्याखाली उभे राहा आणि माझ्यात जे लिहिलंय ते एकदा वाचून मग बटण दाबा. एकट्या पोरीवर ते टाकू नका.

कुंदाबाई पोती काखेत मारून निघाली होती. दारात ती थबकली आणि माझ्याकडे बोट केलं.

"मोहिनी, याचा दिवा काहून लुकलुकून राह्यला?"

"हाका मारतोय, मावशी. बाकीच्या कॉम्प्युटरना."

"अन् ते ओ देतात?"

"नाही."

कुंदाबाईने पोती सावरली. "मंग याले कोनी सांगतलं नाही का, सगळे गेले म्हनून?"