पिवळा, पण पिकलेला

कच्चा नाही हो, पिकलेलाच आहे मी. टोमॅटोच आहे, फक्त पिवळा. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक मला बघून दचकतात, आणि त्यांना बघून मी.

परतूरला चांगुणाबाईंच्या परसात माझं झाड आहे. त्यांची सून ज्योत्स्ना शाळेत शिकवते. बी तिनंच आणलं. आम्ही पिकून पिवळे झालो तेव्हा शेजारच्या साळूबाई भिंतीवरून डोकावल्या.

"रोग पडला वाटतं टमाट्यावर. उपटून टाका जल्दी."

माझा देठच लटपटला.

"रंग नका बघू," चांगुणाबाई म्हणाल्या. "हातात घ्या. वजनाला भरला, जरासा दबला, देठाशी वास आला, की पिकला."

साळूबाईंनी हात काही पुढं केला नाही.

हळूहळू मला उमगलं. साळूबाई या घरातून विरजण न्यायच्या, शिडी न्यायच्या, नातीला ज्योत्स्नाकडं शिकायला पाठवायच्या. पण शिजलेला घास कधी घेत नसत. हे घर बौद्धांचं, त्यांचं जुन्या शेतकरी घराण्याचं. ताट पुढं केलं की नेमका त्यांचा उपास निघायचा. माणसाला इतके उपास असतात? मी थक्क व्हायचो.

त्यातच त्यांचे मालक धर्मराजकाका काविळीनं पडले. साळूबाईंनी घरातलं पिवळं तेवढं बंद केलं. वरण गेलं, हळद गेली. ते बरे झाले, डॉक्टरांनी सगळं खायला सांगितलं, तरी ताटात पांढरा भात आणि ताकच. माणूस वाळून काडी झाला.

काल ज्योत्स्नानं आम्हाला तोडून टोपलीत आणलं आणि माझी भावंडं चिरली. घट्ट होती ती कोशिंबिरीला, मऊ झालेली भाजीला. कढईत मोहरी तडतडली, लसूण, हिरवी मिरची, मग फोडी. "आंबट कमी राहते हा, गूळ नको," चांगुणाबाईंनी सांगितलं. वरून दाण्याचा कूट पडला. वास भिंतीपलीकडं गेला असावा, कारण काठी टेकत धर्मराजकाका दारातून थेट आत आले आणि पाटावर बसले.

"सूनबाई, वाढ."

ज्योत्स्नाच्या हातातली पळी तशीच राहिली. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी हा उंबरा ओलांडलाच नव्हता. मी टोपलीत गार पडलो.

काका भाकरी कुस्करून जेवत होते, तेवढ्यात साळूबाई शोधत आल्या आणि दारातच थिजल्या.

"उठा. काय करून राह्यले तुमी? कावीळ हाय तुमाला."

"माही कावीळ उतरली," काका म्हणाले. "तुही कवा उतरायची?"

साळूबाईंच्या तोंडाचा रंग उतरला. त्या तशाच माघारी गेल्या.

आज सकाळी त्या परत आल्या. उंबऱ्याबाहेरूनच पदर पसरला.

"दोन-चार टमाटे द्या. घरी रांधते. रातीपासून ताटाला हात लावला न्हाई ह्यांनी."

"कच्चे चालतेत, मावशी," ज्योत्स्ना म्हणाली. "शिजलेले न्हाई."

आता दार लागणार, असं वाटून मी अंग चोरलं. चांगुणाबाईंनी टोपली उचलली, पण उंबऱ्यापर्यंत नेली नाही.

"देते. पण रांधायचे आमच्या गॅसवर. तुमी रांधा, आमी खातो. मंग तुमीबी बसा. काकांना बोलवून घेऊ."

साळूबाई उभ्याच राहिल्या. एकदा त्यांनी आपल्या घराकडं वळून पाहिलं. मग वाकून चपला काढल्या आणि आत आल्या. खरंच आल्या. माझा अजून विश्वास बसत नाही.

आत्ता त्या विळीपुढं बसल्यात. टोपलीतून त्यांनी मलाच उचललंय. अंगठ्यानं जरासं दाबून बघतायत.

"मीठ किती घालता तुमच्याकडं?" खाली बघूनच त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडं घालता तेवढंच," चांगुणाबाई म्हणाल्या.

माझी वेळ झाली. तुमच्याही शेजारी असं एखादं घर असेल, जिथं तुम्ही कधी जेवला नाहीत, तर आज जाऊन बसा. भूक लागली म्हणा. येतो.