राहिलेलं एक नाव

चाचणी म्हणून समृद्धीने पहिल्या सर्व्हरची केबल काढली आणि मान वळवून पडद्याकडे पाहिलं. उघडं असलेलं ड्रॉइंग जागचं हललं नाही. शेजारच्या सर्व्हरने सगळा भार उचलला होता आणि पासवर्डही पुन्हा विचारला नव्हता.

"एक मेला, अन् कोणाले समजलंबी नाही," स्टुलावर बसलेले देवाजी काका हसून म्हणाले.

रसमड्याच्या त्या कारखान्यात ड्रॉइंग विभागाचा आजवर एकच पासवर्ड होता आणि तो फक्त काकांना ठाऊक होता. सगळ्यांच्या आधी येऊन ते एकेक कॉम्प्युटर उघडून ठेवत. पोरं आली की थेट कामाला लागत. कोणतं ड्रॉइंग कोणी बिघडवलं हे मग कधीच कळत नसे. समृद्धीला तेच थांबवायचं होतं. आता दोन सर्व्हर एकमेकांना जोडले होते आणि प्रत्येकाने आपापल्या नावाने आत यायचं होतं. नावं तिने कार्मिक विभागाच्या यादीवरून घेतली. सगळ्यांची मिळाली, काकांचं मिळेना.

"राहू दे ना बेटा. मी या पोरांतल्या विक्कीच्या नावानं पाहून घेईन."

"असं नाही जमत काका. मग एवढं सगळं केलं कावून?"

ते काहीतरी बोलणार होते. मग चष्मा काढून पुसत बसले. समृद्धीने तेवढ्यात कार्मिक विभागाला मेल टाकला: एक नाव सुटलं आहे, कृपया जोडावं. काकांचं एक काम मार्गी लावल्यासारखं तिला वाटलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर त्या विभागाच्या शिल्पा मॅडम स्वतःच आल्या. काका कधीचे निवृत्त झाले होते. मिळालेली मुदतवाढही दिवाळीत संपली होती. तरी ते मरोद्याहून रोज येत होते. ड्रॉइंग विभागात समृद्धी सोडून हे सगळ्यांना माहीत होतं. घरी एकटेच असतात, म्हणून कोणी विषय काढला नव्हता. शिल्पा मॅडम हळू आवाजात बोलल्या, पण मेलने लेखी आल्यावर त्यांचाही नाइलाज होता; काकांना आता येता येणार नव्हतं.

काकांनी डबा पिशवीत ठेवला. विक्की ती पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर गेटपर्यंत गेला. परतल्यावर तो समृद्धीच्या टेबलापाशी थांबला.

"पूछना ज़रूरी था क्या, मॅडम?"

ती केबल गुंडाळत राहिली. नावं यादीशी ताडून पाहण्यात काही चूक नव्हती, हे तिला पक्कं माहीत होतं. सकाळी काका चष्मा इतका वेळ का पुसत होते, ते मात्र तिला आत्ता कळलं.

पुढे सगळं बिनबोभाट चाललं. प्रत्येक बदलापुढे बदलणाऱ्याचं नाव उमटू लागलं. साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. पोरं तिच्याशी आता कामापुरतं बोलत, तेही मराठी सोडून हिंदीत.

एका दुपारी गेटवरून फोन आला. तिला भेटायला कोणी आलं होतं.

सुरक्षा केबिनबाहेरच्या बाकावर काका बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

"इथं कोणाचं तरी नाव सांगा लागते म्हणे," ते म्हणाले. "मी तुह्यं सांगितलं."

मनात कितीदा तरी जुळवून ठेवलेलं माफीचं वाक्य तिला आठवेना.

"आत चला ना काका. पास बनवून देते."

"नको. तू काम करून राहिली असशील," ते म्हणाले, आणि बाकावर थोडं सरकून त्यांनी शेजारी जागा केली.