जमिनीला न टेकलेली टाच

मित्रांनो, मी वल्हवायचे एक जुने यंत्र आहे, पण पाणी मी कधीच पाहिलेले नाही. माझ्या पुढच्या टोकाला जाळीत बसवलेला पंखा आहे. त्याला साखळी आणि साखळीला दांडा. मागे लांब रूळ, रुळावर चाकांची बैठक आणि पंख्याजवळ पाय अडकवायच्या दोन फळ्या. माणूस बैठकीवर बसतो, पायांनी फळ्या रेटतो आणि दांडा पोटाशी ओढतो. पंखा फिरतो, वारा सुटतो आणि माणूस जागच्या जागी मैलभर जाऊन येतो. जितका जोर लावाल, तितकी मी जड होते. लाड करणे माझ्या घडणीतच नाही.

कारखान्यातून मी एका व्यायामशाळेत गेले. तिथे सहा वर्षे धडधाकट माणसे आरशात स्वतःकडे बघत माझ्यावर घाम गाळत. रुळाला ओरखडे पडले तेव्हा मालकाने नवे यंत्र आणले आणि मला एका फिजिओथेरपी केंद्राला देऊन टाकले. मला वाटले, आता संपले. पण माझे खरे काम तिथेच सुरू झाले.

पाय मोडलेल्या माणसाला धावता येत नाही. त्याची छाती मात्र शाबूत असते आणि बसून बसून तीही गंजते. केंद्रातल्या फिजिओताईंनी यावर तोड काढली होती. दुखरा पाय माझ्या फळीवर ठेवायचाच नाही. तो रुळाशेजारी चाकांच्या एका पाटावर ठेवायचा, म्हणजे बैठकीबरोबर पाटही मागेपुढे सरकतो. रेटायचे ते फक्त चांगल्या पायाने. उडी नाही, आदळआपट नाही, तरी अंगाचे पाणी होते. “एक मिनिट जीव तोडून, एक मिनिट दम खायचा. अशा आठ फेऱ्या,” असे त्या सांगत. घोटा मोडलेली एक नाचाची शिक्षिका उठताना मला थोपटून जाई. अशी माया व्यायामशाळेत कुणी केली नव्हती.

मग खार आला. तो विजेच्या खांबांवर चढणारा लाइनमन. झरझर चढतो म्हणून सोबत्यांनी त्याला हे नाव दिलेले. पण त्याची टाच खांबावर मोडली नव्हती. तो उभ्या ट्रकमधून खाली उडी मारताना मोडली, आणि याचीच त्याला जास्त लाज वाटे. डॉक्टरांनी हाडात पट्टी आणि स्क्रू बसवले होते. बारा आठवडे टाच जमिनीला टेकवायची नाही, अशी ताकीद होती. दुसरीकडे कचेरीचे पत्र होते. सोळाव्या आठवड्याअखेर साहेबांसमोर खांब चढून दाखवायचा. जमले नाही, तर कायमचे तक्रारींच्या फोनवर बसायचे.

त्याच्याबरोबर त्याची थोरली बहीण येई. ती शिवणकाम करणारी. बाकावर बसून ती काजे करीत राही आणि जीभही सुईसारखीच चालवी.

“फोनवर बसून मी काय करू, अक्का?”

“लोकांच्या शिव्या खायच्या. घरी माझ्या खातोसच की. आता त्याचा पगार मिळेल.”

तो हसला नाही. त्याने दांडा ओढला.

सहाव्या आठवड्यापासून तो रोज येत होता. पहिल्या दिवशी तिसऱ्या फेरीतच त्याचे ओठ पांढरे पडले. पुढच्या आठवड्यात आठही फेऱ्या झाल्या. पण आठव्या आठवड्यात माझ्या छोट्या पडद्यावरचा मीटरचा आकडा अडला. एका पायाने जेवढे जमते, तेवढे झाले होते. खार त्या आकड्याकडे मांजर उंदराकडे बघते तसा बघत बसे.

एके सकाळी फिजिओताई पलीकडच्या खोलीत एका आजोबांना चालवत होत्या. खारने पाट बाजूला सरकवला आणि दुखरा डावा पाय माझ्या फळीत घालून पट्टा आवळला.

“अरे, टेकवायची नाही म्हणालेत ना?” अक्काची सुई थांबली.

“जमिनीला. जमिनीला कुठं टेकलीय?”

“म्हणजे?”

“पाखरू तारेवर बसतं, त्याला काही होत नाही. का? जमिनीला टेकलेलं नसतं म्हणून. पंधरा वर्षं मी तेच करतोय. जमिनीशी संबंध आला, की मेलात. ही फळी आहे आणि मी बसलोय. अंगाचा भार बुडाखाली आहे.”

“तुझं तूच जाण. दुखतंय का?”

“थोडं. अक्का, सांगू नकोस हं. पुढच्या आठवड्यात आकडा बघ.”

मित्रांनो, विजेचा नियम त्याला पाठ होता, हाडाचा नव्हता. माझ्यावर ओढणारे हात दिसतात, पण खरा जोर निघतो तो पायातून. प्रत्येक फेरीत ती टाच माझी फळी रेटत होती, आणि फळी तेवढ्याच जोराने तिला मागे रेटत होती. डाव्या फळीवरचा तो जोर मला कळत होता. पडद्यावर मात्र दोन्ही पायांचा मिळून एकच आकडा उमटतो.

आकडा वाढला. फिजिओताईंनी तो वहीत लिहिला आणि म्हणाल्या, “दादा, हे काय खाऊन आलात?”

“अक्काच्या शिव्या,” खार म्हणाला. सगळे हसले. अक्काही हसली, पण खाली मान घालून.

हे सोळा दिवस चालले. ताई वळल्या की पाय फळीत, पावले वाजली की पाटावर. मग एक दिवस त्याचा मोजा निघेना, इतकी टाच सुजली. अक्काने तो कात्रीने उभा कापला आणि हाक मारली, “बाई, जरा इकडे या.” मग तिने सगळे सांगितले, दिवस मोजून सांगितले.

एक्स-रेत दिसले की स्क्रू उखडले होते आणि हाड खाली बसले होते. दुसरी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी टाचेचा सांधाच कायमचा जोडून टाकला, म्हणजे तो आता वळणार नाही. खार चालेल, पण खांब चढणार नाही. फिजिओताई त्या दिवशी वहीतली पाने उलटत बराच वेळ माझ्या बैठकीवर बसून होत्या. “आकडा बघत राहिले मी. पाय बघायचा होता,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. नंतर त्यांनी मला बोळात नेऊन उभे केले. आता माझ्या रुळावर प्लास्टरच्या खोक्यांची चळत आहे आणि साखळीला गंज धरतो आहे.

गेल्या महिन्यात भर दुपारी केंद्रातले दिवे गेले. ताईंनी बोळातूनच फोन लावला. पलीकडचा आवाज मी ओळखला.

“तक्रार विभाग. बोला.”

ताईंनी केंद्राचे नाव सांगितले. मग पत्ता सांगू लागल्या.

“माहितीय मॅडम. तुमच्या फाटकासमोरचा खांब. वरून दुसरी पट्टी सैल आहे, मीच आवळायचो ती.” तो थांबला. मागे आणखी दोन फोन वाजत होते. “माणूस पाठवतो.”

मित्रांनो, माझी खोकी उतरवा, साखळीला तेल द्या, असे सांगायला मी हे बोलत नाही. गंजले तरी मी यंत्रच आहे. एवढेच सांगते, की दुखरा अवयव घेऊन कुणी कष्ट करू लागला, तर त्याच्या आकड्याला टाळ्या वाजवण्याआधी त्याचा मोजा काढून बघा. आणि आपले माणूस “सांगू नकोस” म्हणाले, तर त्याच दिवशी सांगा. मला तेव्हा तोंड नव्हते. अक्काला होते. ती अजून दर आठवड्याला इथे येते, बाकावर बसते आणि काही न बोलता परत जाते.