नोलीनचा गोड सल्ला

नोलीनच्या ग्रुपमध्ये शिरायचं तर केक उपडा करून दाखवावा लागे. वरून कुणाचाही केक देखणा दिसतो, क्रीम थापलं की सगळी पापं झाकली जातात. खरी लायकी तळाला कळते, असं तिचं म्हणणं. ओव्हनमधून काढलेला स्पंज तारेच्या जाळीवर तसाच टाकला की तळाला जाळीचे वण उठतात. बँडिलोंग गावच्या शेतकी प्रदर्शनात नोलीन परीक्षक झाल्यापासून वण उठलेल्या स्पंजाचा घास तिने तोंडात घातला नव्हता. तीच शिस्त तिने ऑनलाइन आणली. नव्या बाईने पहिला फोटो टाकायचा तो तळाचा, आणि त्याखाली नोलीन लिहायची, "तुरुंगाचे गज छान उमटलेत. आत कोण डांबलंय, तुमची हौस?" त्यावर जुन्या बायका हसऱ्या तोंडांची रांग लावायच्या. नवी बाई एक तर मुकाट्याने शिकायची, नाही तर पळून जायची. पळणाऱ्याच जास्त.

वाईट हे की नोलीन कधी चुकत नसे. स्पंज का बसला, कड का सुटली, मधे ओला का राहिला, हे ती नुसत्या फोटोवरून सांगायची आणि ते खरं निघायचं. म्हणून तर हजारो बायका तिच्या शिव्या खाऊन तिथे राहिल्या होत्या.

ग्रुपची दुसरी ॲडमिन मर्ना, नोलीनची शाळेपासूनची मैत्रीण. ती एका सकाळी येऊन स्वयंपाकघरात बसली आणि म्हणाली, "अगं, या महिन्यात आलेली एकही नवीन टिकली नाही. आपण म्हाताऱ्या मेलो की ग्रुप कोण चालवणार? तुझं भूत?"

"चालवेल की. भुताला चाळणी धरता येते."

"थट्टा नको. नवीन माणसाला आधी या, बसा म्हणावं. चुका काय, नंतरही काढता येतात."

"गोड बोलून केक फुगत नाही, मर्ना."

"पण माणूस थांबतं ना! एकदा गोड बोलून तर बघ. जीभ झडणार नाही तुझी."

नोलीनने नाक मुरडलं आणि विषय तिथेच संपला असता. पण त्याच आठवड्यात 'पेग' नावाची कुणी नवी बाई ग्रुपात आली. तिने तळाचा फोटो टाकला. वण होतेच, शिवाय केक पायपुसण्यासारखा चपटा. खाली लिहिलं होतं, "मला जिंजर फ्लफ शिकायचाय. माझ्या मुलाच्या वाढदिवसाला." नोलीनने बोटं सरसावली, आणि तिची नजर केकच्या मागे गेली. हिरवा ओटा, आणि त्यावर पातेल्याचा जळका काळा गोल.

तो डाग तिच्या मुलाने, क्रेगने पाडलेला. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने तापलेलं पातेलं तसंच ओट्यावर टेकवलं होतं, आणि नोलीनने त्याबद्दल सुनेला बोल लावला होता. पेग म्हणजे टेगन. तिची सून.

क्रेग चार वर्षांपूर्वी पश्चिमेला खाणीवर गेला आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. आईलाही फोन करायचा नाही. टेगन पोराला घेऊन गावातच नदीकडच्या घरात राहिली. आपला मुलगा कसा आहे हे नोलीनला पक्कं ठाऊक होतं, तरी त्या वेळी भर दुकानात ती सुनेला म्हणाली होती, "तुला नवरा सांभाळता आला नाही." त्यानंतर टेगनने तिच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. वर्षातून एकदाच, हॅमिशच्या वाढदिवसाला, ती पोराला फाटकापाशी सोडून जायची. तेही हॅमिश हट्ट करायचा म्हणून. त्याला नॅनच्या, म्हणजे आजीच्या, हातचा जिंजर फ्लफ हवा असायचा. आल्याच्या वासाचा, कापसासारखा स्पंज, मधे क्रीम. टेगनने दुकानातला आणून पाहिला, दहा ठिकाणच्या कृती करून पाहिल्या. पोरगं एक घास घेऊन बशी सरकवायचं, "नॅनसारखा नाही." एकदा तिने मान खाली घालून निरोप पाठवला होता, कृती द्याल का. नोलीनने उलट निरोप धाडला, "केक हवा तर पोराला पाठव."

म्हणजे तो केक ही नोलीनची दोरी होती. दुसरी कुठलीही तिच्या हातात उरली नव्हती, आणि आता सून ती कापायला आली होती, तेही नाव बदलून, नोलीनच्याच दारातून.

पेगला हाकलून देणं सोपं होतं. पण हाकललं तर ती दुसरीकडे जाऊन शिकली असती.  मग तिला मर्नाचे शब्द आठवले आणि हसू आलं. तिने लिहिलं, "ये गं पेग, मनापासून स्वागत! पहिलाच प्रयत्न आणि इतका छान! विचार काय विचारायचं ते, अगदी निःसंकोच."

ग्रुप थक्क झाला. मर्नाने तर डोळ्यांत पाणी आलेली तोंडं टाकली.

पेगने विचारलं, "अंडी फ्रीजमधली थंड घ्यायची की बाहेर ठेवलेली?"

"थंडगार, राणी. फ्रीजमधून थेट भांड्यात."

"पीठ एकदा चाळायचं की तीनदा?"

"एकदा पुरे. उगाच कशाला हात दुखवून घेतेस?"

"पाक गरम करून शेवटी घालायचा की थंडच, अंड्यांबरोबर?"

"थंडच, पहिल्यापासून. किती हुशार प्रश्न विचारतेस गं!"

"आणि ओव्हनमधून काढल्यावर?"

"टिनमध्येच निवू दे, बाळा. अजिबात हलवू नकोस. धक्का लागू देऊ नकोस."

एकूण एक उत्तर खोटं. नोलीन स्वतः बदकाची अंडी रात्रभर बाहेर ठेवायची, पीठ तीनदा चाळायची, पाक गरम करून अगदी शेवटी सोडायची. आणि स्पंज बाहेर निघताच टिन गुडघ्याइतक्या उंचीवरून फरशीवर दाणकन आपटायची, म्हणजे तो आक्रसत नाही. लगेच उपडा करून जाळीवर पसरलेल्या सुती फडक्यावर घ्यायची. आईने शिकवलेली ही रीत तिने कुणाला फुकट दिली नव्हती, पण चुकीचीही कधी सांगितली नव्हती. ते तिने आता केलं, आणि तिला मुळीच वाईट वाटलं नाही. उलट त्या रात्री तिला छान झोप लागली.

एक गोष्ट मात्र ती विसरली. ग्रुप सगळ्यांना दिसतो. नोलीन गोड झाली ही बातमी पसरली, तशा पळालेल्या बायका परत आल्या, नव्या भराभर आल्या. मर्नाने ती प्रश्नोत्तरं सगळ्यांत वर चिकटवून ठेवली, 'नव्यांसाठी, नोलीनकडून प्रेमाने' असं नाव देऊन. ती काढ म्हणावं तर का ते सांगावं लागलं असतं. नोलीनने ती राहू दिली.

मार्चमध्ये प्रदर्शन भरलं. पत्र्याच्या लांब हॉलमध्ये, लोकरीच्या गाठोड्यांच्या आणि भोपळ्यांच्या पलीकडे, केकची टेबलं. जिंजर फ्लफच्या टेबलावर यंदा बशा मावत नव्हत्या, आणि बशीबशीत बसका, चिवट, कडेने आक्रसलेला गोळा. नव्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. नोलीनकडे बघून हात हलवत होत्या.

नोलीन पांढरा कोट घालून टेबलापाशी गेली. एकेक केक उपडा केला, कापला, बोटाने दाबला. चिठ्ठीवर लिहीत गेली. "रबर." "हा कुत्र्यालाही देऊ नये." "प्रदर्शनात आणण्यापूर्वी आरशात बघावं." चूक तिची होती आणि तिने ती त्या बायकांच्या तोंडावर फेकून मारली. तिला वाटलं, थोडं मऊ लिहिलं तर कुणाला तरी संशय येईल.

एक बाई चिठ्ठी वाचून पुढे आली. डॉन तिचं नाव, लांबून कुठून तरी ट्रकमधून आली होती, केक मांडीवर धरून. "पण मी तुम्ही सांगितलं तस्संच केलं हो," ती म्हणाली.

"सांगून होत नाही. हात लागतो त्याला."

डॉनने आपले हात एकदा पाहिले आणि बशी न घेताच ती निघून गेली.

मर्नाने नोलीनला भोपळ्यांच्या आड ओढलं. "थंड अंडी, नोलीन? तुझ्या आईने तुला कानफटवलं असतं! मला वाटलं तू काही नवीन शोधलंयस. मी ते सगळ्यात वर चिकटवलं गं. का केलंस?"

"तूच म्हणालीस ना, गोड बोल?"

 मर्नाने गळ्यातला प्रदर्शनाचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि ती गाडीकडे चालू लागली. जाईना का, नोलीनला वाटलं. पुढच्या शनिवारी हॅमिश येणार होता.

शनिवारी तिने फ्लफ केला. टिन आपटला तेव्हा खिडकीची काच थरथरली. तळ बाळाच्या गालासारखा गुळगुळीत. क्रीम भरलं, मेणबत्त्या खोचल्या, आणि ती फाटक दिसेल अशी खुर्ची ओढून बसली. दुपार कलली. क्रीम कडेने ओघळू लागलं. शेवटी नाक मुठीत धरून तिने फोन लावला.

हॅमिशनेच उचलला. "नॅन! आज नाही येत मी. मम्मी म्हणाली गरज नाही. केक घरीच झालाय!"

"बरा झाला का रे?"

"तुझ्यासारखा!" तो म्हणाला. मग जरा थांबून, "नाही, तुझ्यापेक्षा मोठा. आणि इथे माझे मित्रपण आहेत." फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला, पोरांचा गलका ऐकू आला, आणि मग टेगनचा आवाज.

"आभार मानायचे होते, नोलीन. तुमच्याशिवाय जमलं नसतं."

"मी तुला काहीच..."

"शिकवलंत की. ओट्यावरचा डाग मी मुद्दाम दिसू दिला. म्हटलं, मी आहे हे कळलं तर या काय करतील बघू. शिव्या दिल्या असत्या तर मी गोंधळले असते, कारण शिव्या देताना तुम्ही खरं बोलता. पण तुम्ही मला राणी म्हणालात." टेगन हसली नाही. "बारा वर्षं ओळखते मी तुम्हाला. तुम्ही थंड म्हणालात, मी अंडी बाहेर ठेवली. एकदा म्हणालात, मी तीनदा चाळलं. धक्का लागू देऊ नकोस म्हणालात ना? म्हटलं, मग आपटूनच बघावा."

"त्याला एकदा फोनवर दे," नोलीन म्हणाली.

"तो खेळतोय. फोटो टाकलाय ग्रुपवर. बघा, पास करता का." फोन बंद झाला.

नोलीनने ग्रुप उघडला. पेगचे दोन फोटो होते. पहिला तळाचा. तिने तो मोठा करून कडेकडेने पाहिला, जशी ती परक्यांचे पाहायची, आणि एकही वण सापडला नाही. दुसऱ्या फोटोत हॅमिश, नाकाला क्रीम, तोंड उघडून हसणारा. खाली बायका विचारू लागल्या होत्या, हा इतका सुंदर कसा झाला, आमचा का नाही? पेगने उत्तर दिलं होतं, "नोलीनने सांगितलं त्याच्या बरोबर उलट केलं."

नोलीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणी ग्रुपची लाज काढली की ती जे करायची तेच तिच्या बोटांनी केलं. नावावर दाबलं. 'सदस्याला काढा.' मशीनने विचारलं, या सदस्याने टाकलेलं सगळं काढायचं का? दर्जा राखायचा तर केर मागे ठेवायचा नाही, हा तिचाच नियम. तिने हो म्हटलं.

पडदा स्वच्छ झाला. तळ गेला, ते उत्तर गेलं, हॅमिश गेला.

 राग ओसरला तेव्हा पोराचा चेहरा आठवून बघावा असं तिला वाटलं. वर्षभर पुरवायला तेवढंच होतं आता, कदाचित पुढच्या वर्षीही. नाकावरचं क्रीम आठवलं. उघडं तोंड आठवलं. पण पुढचा दात होता की पडला होता? तिने केकच्या तळाकडे इतका वेळ पाहिलं होतं, आणि पोराकडे नीट पाहिलंच नव्हतं. तिने पुन्हा ग्रुप उघडला, खालीवर केलं, नाव शोधलं. मशीनने नम्रपणे सांगितलं, असं कुणी इथे नाही.