लोण्याच्या गाईची वरात

मर्ल स्टॅम्बॉ कितीतरी वर्षं तातडीचा माल वाहत होता. एखाद्या मोटारीच्या कारखान्यात सुटे भाग संपतात, काम थांबतं, साहेब लोकांच्या तोंडचं पाणी पळतं, आणि मग मर्लचा फोन वाजतो. ट्रक माल चढवायच्या धक्क्याला लावायचा, फोर्कलिफ्टवाला खोकी रचलेलं पॅलेट आत ढकलणार, धाडकन दार लावायचं आणि सुटायचं. पोचल्यावर सही घ्यायची. कुणी साधी कॉफीसुद्धा विचारायचं नाही, आणि मर्लला त्याचं काही वाटायचं नाही.

"बोल्ट कुरकुरत नाहीत, त्यांना उकडत नाही, गाडी लागत नाही," तो म्हणायचा. "असा सोबती मिळायला भाग्य लागतं."

"आणि मी?" शेजारच्या सीटवरून त्याची बायको जोनेल विचारायची.

"तू बोल्ट नाहीस, एवढंच म्हणतो."

पोरं हाताशी आल्यावर जोनेलने शाळेची बस चालवणं सोडलं होतं आणि ती नवऱ्याबरोबर आलटूनपालटून ट्रक चालवू लागली होती. तिला मात्र बोल्टांचा वीट आला होता. त्यात उन्हाळ्यात कारखाने बंद राहिले, आणि दोघं ओहायोतल्या टोलेडोजवळच्या ट्रकथांब्यावर दिवसचे दिवस फोनकडे डोळे लावून बसली. तेव्हा तिने नवऱ्याला न विचारता दोघांची नावं 'खास हाताळणी'च्या कामात घातली. यंत्रं, चित्रं, पुतळे, औषधं, म्हणजे ज्यांना धक्का चालत नाही आणि ज्यांना धक्क्याशी नेऊन टाकलेलंही चालत नाही, असा माल. तो थेट घरात, खोलीत, जागेवर नेऊन ठेवायचा. त्यासाठी शिकवणी झाली, गोधड्या आल्या, पट्टे आले, ट्रकला गारव्याचं यंत्र आलं, बुटांवर चढवायच्या कापडी पिशव्या आल्या आणि दोन पांढरेशुभ्र शर्टही आले.

मर्लने शर्ट चिमटीत धरला. "माल पोचवायचाय की चर्चमध्ये कुणाचं लग्न लावायचंय?"

"घाल मुकाट्याने. पोट आत घे म्हणजे बटण लागेल."

पहिलाच माल मिळाला तो इंडियानातून. व्हॉनेटा क्लिंगर नावाच्या बाईंनी लोण्याची गाय केली होती, खऱ्या जर्सी गाईएवढी, आणि ती ओहायोतल्या एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जत्रेत मांडायला पोचवायची होती. जोनेलने ही बातमी सांगितली तेव्हा मर्ल पॅनकेक खात होता. त्याने आधी ताटलीतल्या लोण्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"ऑगस्टात?" एवढंच तो म्हणाला.

क्लिंगरबाई सत्तरीच्या, हडकुळ्या, आणि आपल्या शीतगृहात लोकरी टोपी घालून उभ्या होत्या. चाकांच्या फळीवर गाय उभी होती. मान किंचित वळलेली, ओठ ओले वाटावेत असे, गळ्याखालच्या पोळीची घडी न घडी कोरलेली. मर्लच्या तोंडून शीळ निघून गेली. तो हात लावायला पुढे झाला तर बाईंनी त्याचं मनगटच धरलं.

"अहो, हात आहे का तवा? तुम्ही लांब राहायचं. गाईला काय लागेल ते तुमची बायको बघेल."

मर्ल जोनेलच्या कानाशी लागला, "मालाला हात लावू न देणारा मालक आयुष्यात पहिल्यांदा बघतोय."

"मालकीण," जोनेल म्हणाली.

गाय ट्रकमध्ये चढवून पट्ट्यांनी बांधली गेली, आतला गारवा फ्रिजसारखा झाला आणि दाराला सील लागलं. निघताना क्लिंगरबाई ट्रकच्या खिडकीशी आल्या. "खड्डा दिसला तर थांबा. थांबता येत नसेल तर तो माझ्या जिवावर बेतलाय असं समजा."

मर्लने तसंच समजून गाडी चालवली. एरवी पुढच्या मोटारीच्या मागच्या नंबरपाटीला हुंगत जाणारा हा माणूस आता रेल्वेचे रूळ आले की रांगायला लागायचा. मागून भोंगे वाजत होते, कुणी खिडकीतून मुठी दाखवत होतं. एका फाट्याजवळ तर मोटार न वापरणाऱ्या आमिश पंथाच्या एका म्हाताऱ्याची घोडागाडी त्यांना मागे टाकून गेली, आणि जाताना म्हाताऱ्याने टोपी उचलून सहानुभूती दाखवली.

जोनेलला हसू आवरेना. "मर्ल, घोड्याने हरवलं रे तुला!"

"त्याच्या मागे गाय नव्हती," मर्ल म्हणाला. आणि पुढच्याच पेट्रोलपंपावर, काही कारण नसताना, कूलिंगचा काटा बघायला खाली उतरला.

जत्रेत पोचले तेव्हा सकाळ नुकती तापायला लागली होती. गोठ्यांच्या मागच्या गारेगार बोळात ट्रक लागला, सील निघालं, लिफ्टवरून गाय अलगद खाली आली. खरोखर अलगद. मर्ल मागे चालताना श्वास धरून होता. काचेच्या थंड खोलीचं दार चार पावलांवर होतं. जोनेल दाराची रुंदी पुन्हा एकदा मोजत होती, म्हणून फळी क्षणभर थांबली.

तेवढ्यात जत्रेच्या समितीचे डेल्मर ऑट कॉफीचे तीन पेले सांभाळत बोळातून आले. डेल्मर म्हणजे जन्मभर दूधधंदा केलेला माणूस. गाईच्या मागून जायचं तर ती बिथरू नये म्हणून आधी तिच्या पुठ्ठ्यावर हात मारायचा, ही सवय त्यांच्या हाडात मुरलेली.

"सरक गं पोरी," ते म्हणाले, आणि त्यांनी गाईच्या ढुंगणावर सणसणीत थाप मारली.

आवाज झाला तो मऊ. डेल्मरनी हात काढला. पाची बोटं, तळवा आणि लग्नाची अंगठीसुद्धा त्या लोण्यात उठली होती.

"अरे देवा," डेल्मर म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "ही... मी आपलं... ही इतकी..."

बोल्टांच्या पेटीला कुणी लाथ घातली असती तर मर्लने मान वर करून पाहिलंही नसतं. आता मात्र त्याला रडूच कोसळेल असं वाटलं. "काका, तुम्हाला हात आवरत नाही का हो!" तो ओरडला, आणि मग त्या बापड्याच्या हातातले पेले त्यानेच काढून घेतले.

क्लिंगरबाईंना कळवणं भागच होतं. जोनेलने हात धुतले, पसरट सुरी बर्फात गार केली आणि फोन लावला. बाई सांगतील तसा ठसा बुजवू, असा तिचा बेत. तिने सगळं घडलं तसं सांगितलं.

"थाप मारली?" बाई म्हणाल्या. "काय म्हणून?"

"सरक म्हणाले. सवय हो, बाई."

"कोण आहे तो? हिशेबनीस वगैरे?"

"नाही नाही, गवळीच आहेत. जन्मभराचे."

मग फोनमधून असा आवाज आला की जोनेलला आधी वाटलं बाई रडतायत. बाई हसत होत्या.

"जन्मभर गाईंत काढलेल्या माणसाला माझी गाय खरी वाटली! ए पोरी, ती सुरी ठेव खाली. त्या ठशाला कुणी बोट लावलं तर बघा!"

मग ठसा तसाच राहिला. दुपारपर्यंत ही कथा साऱ्या जत्रेत पसरली, आणि काचेसमोर रांग लागली. बहुतेकांना गाईचं तोंड बघायचंच नव्हतं. डेल्मर आधी तासभर डुकरांच्या गोठ्यात लपून बसले होते. मग कुणीतरी त्यांना ओढून आणलं, आणि संध्याकाळी ते काचेजवळ उभे राहून पंजा उंचावून फोटो काढून घेत होते. मर्ल येणाऱ्याजाणाऱ्याला हकिकत सांगत होता. दर खेपेला थापेचा आवाज थोडा मोठा होत होता.

"तू कधीपासून मालाजवळ रेंगाळायला लागलास?" भाजलेलं कणीस खाता खाता जोनेलने विचारलं. "सही घेऊन झाली की तू पुढच्या गावात असतोस."

"लोक विचारतात, मग सांगायला नको?"

इतक्यात कामं वाटणाऱ्या रॅमोनाचा फोन आला. दोन माल होते. एक केंटकीला बोल्ट, साधे, धक्का ते धक्का. दुसरा मिशिगनला, जुन्या चर्चची रंगीत काचेची खिडकी, आणि ती घ्यायला अजून दोन दिवस अवकाश.

जोनेल दातात अडकलेला कणसाचा दाणा काढत राहिली.

"दोन्ही घेतो," मर्ल म्हणाला. "आधी बोल्ट. रॅमोना, कालपासून मी नीट श्वास घेतलेला नाही, जरा दोन दिवस मला गाडी आपटू दे."

"आणि खिडकी?"

"खिडकीही आमचीच," असं म्हणून त्याने फोनवर हात ठेवला आणि बायकोला विचारलं, "त्या गोधड्या धुवायला टाकायच्या का गं? चर्चचं सामान आहे."

जोनेलने उरलेलं कणीस त्याच्या हातात दिलं आणि ती ट्रककडे निघाली. गाडी चालवायची पाळी तिची होती.