केकवाल्याची जीभ

आमचे हे केक करतात आणि मी गल्ल्यावर बसते. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलण्यात माझा सगळा गोडवा संपतो, घरच्यांसाठी काही उरत नाही.

ह्यांना शुगर निघाली. डॉक्टरीणबाईंनी आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं, पेनासारखं इंजेक्शन दिलं. शुगर उतरली, पोटही उतरलं, पण खाण्यावरची वासनाच उडाली. क्रीमचं बोट जिभेवर ठेवलं की ह्यांचं तोंड वाकडं, गोडाचा अंदाजच येईना. एका लग्नाचा केक तर इतका गोडमिट्ट झाला की लोकांनी बशीत तसाच टाकला. तेव्हापासून हे घुमे झाले.

दर रविवारी भट्टीच्या खोलीतून पेनाची 'टक' ऐकू आली की मी निर्धास्त. तपासणीत मात्र शुगर पुन्हा वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळ्यांवर परिणाम दिसायला लागलाय. पुढच्या पेनापासून डोस वाढवू."

त्या रविवारी मी खोकी आणायला आत गेले, तर काय! ह्यांनी सुई केकच्या ताज्या स्पंजमध्ये खुपसलेली.

"अहो! गिऱ्हाइकांना बारीक करायला निघालात की काय?"

हे दचकले. "हे टोचून घेतलं की चव कळत नाही गं. कित्येक रविवार टाळलं, तरी जीभ अजून ताळ्यावर आली नाही. ज्याला चव कळत नाही, तो केकवाला कोणाच्या कामाचा?"

"आणि ज्याला दिसत नाही तो?" मी ओरडलेच. राग होता, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती वाटत होती.

स्पंज कचऱ्यात गेला. मी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं कळलं. इतके आठवडे बुडवल्यावर वाढीव डोस दिला असता तर उलट्यांनी हैराण झाले असते. आता लहान डोसपासून सुरुवात. उद्या पाठवा त्यांना."

फोन ठेवला आणि क्रीमच्या भांड्यात बोट घातलं. ह्यांच्या भांड्यात दुसऱ्या कोणाचं बोट चालत नाही, इतक्या वर्षांत माझंही चाललं नव्हतं.

"साखर जास्त झालीय," मी म्हटलं.

"जास्त?"

"बरीच."

ह्यांनी बिनसाखरेचं क्रीम ओतून पुन्हा घोटलं आणि भांडं माझ्यापुढे सरकवलं. "आता?"

"अजूनही जराशी जास्तच."

पुन्हा घोटलं. "आता?"

मी चाखलं आणि पुन्हा एकदा बोट घातलं. "आता छान झालंय हो. अगदी तुमच्या हातचं."

हे स्टुलावर बसले आणि पिठाच्या हातांनीच डोळे पुसायला लागले.

"उद्या तूपण चल," हे म्हणाले. "दुकान राहू दे बंद. मला एकट्याला भीती वाटते."